गांडुळातली विषनाशक एन्झाइमं मोजताना या चुका टाळा

गांडूळ कीटकनाशक पचवतं का, हे तपासायचं ठरलं की प्रकल्प हटकून तीन एन्झाइमांवर येतो: ॲसिटिलकोलीनएस्टरेज, कार्बॉक्सिलएस्टरेज आणि ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज (जीएसटी). पद्धती जुन्या आणि स्वस्त आहेत, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रव किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) पुरतो. तरी आकडे उलटसुलट येतात. आकडे नीट आले तर अर्थ चुकतो, आणि ते जास्त वाईट.

तिन्ही एन्झाइमांना एकाच माळेत ओवणं

ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे मज्जासंस्थेतलं एन्झाइम विष निष्प्रभ करत नाही, ते विषाचं लक्ष्य आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं त्यालाच बंद पाडतात. त्याला 'विषनाशक' म्हणणारा तक्ता पहिल्याच ओळीत चुकलेला असतो.

कार्बॉक्सिलएस्टरेजचं प्रकरण खरं गमतीचं आहे. पायरेथ्रॉइड किंवा मॅलॅथिऑन ही कीटकनाशकं समोर आली, तर ते त्यातला एस्टर बंध तोडतं आणि पुढच्या रेणूसाठी मोकळं होतं. पण क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधाचं शरीरात 'ऑक्सॉन' हे जास्त विषारी रूप तयार होतं तेव्हा हेच एन्झाइम त्याला चिकटून बसतं आणि स्वतः निकामी होतं. एका रेणूमागे एक रेणू खर्ची पडतो. तेवढं विष मात्र मज्जासंस्थेपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे त्याची क्रियाशीलता घसरली म्हणून 'संरक्षण यंत्रणा कोलमडली' असं लिहून टाकू नका, ती घसरण म्हणजेच संरक्षण असू शकतं. त्याच नमुन्यात ॲसिटिलकोलीनएस्टरेज किती शाबूत आहे, हे शेजारी ठेवून बघा, मगच बोला.

आणखी एक. ऑक्सॉन तयार करण्याचं काम सायटोक्रोम पी-450 हा एन्झाइमांचा गट करतो, म्हणजे चयापचयाची पहिली पायरी विष वाढवणारीही असते. गांडुळात या गटाची क्रियाशीलता बरीच कमी असते. उंदराच्या यकृतासाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी वापरून शून्य आलं, तर यंत्राला दोष देऊ नका.

पोट रिकामं न करता वाटणं

गांडुळाच्या आतड्यात माती असते, मातीत सूक्ष्मजीव आणि त्यांची एन्झाइमंही. शिवाय गांडुळाच्या वजनात मातीचं वजनही धरलं जातं. गांडुळं धुऊन ओल्या फिल्टर पेपरवर अंधारात सुमारे 24 तास ठेवा. विष्ठा पडली की कागद बदला, नाहीतर ती तीच परत खातात. आतड्यातलं कार्बॉक्सिलएस्टरेज बघायचं असेल, तर आतडं आणि शरीराची भिंत वेगवेगळी काढा. अख्खं गांडूळ वाटलं की हा फरक गेलाच.

बफरमध्ये पीएमएसएफ घालणं

प्रथिनं तुटू नयेत म्हणून होमोजिनेटमध्ये (बफर द्रावणात वाटलेल्या ऊतीत) पीएमएसएफ हे रसायन घालायची सवय असते. ते सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर चालणारी एन्झाइमं अडवतं आणि कार्बॉक्सिलएस्टरेज त्यातलंच आहे. कंट्रोल (औषध न दिलेल्या) गटातही आकडा जवळजवळ शून्य येत असेल, तर सगळ्यात आधी बफरची कृती वाचा.

ब्लँक न लावणं

जीएसटी मोजताना सीडीएनबी आणि ग्लुटाथायोन ही दोन रसायनं घालतात, आणि जीएसटी त्यांना जोडतं. पण ती एन्झाइमशिवायही एकमेकांशी जुळतात, आणि पीएच वाढला की जास्तच. म्हणून पीएच 6.5 ठेवतात आणि 340 नॅनोमीटरवर ब्लँक (एन्झाइम न घातलेला नमुना) वजा करतात. सीडीएनबी आधी इथेनॉलमध्ये विरघळवा. पाण्यात ते नीट विरघळत नाही, द्रव गढूळ होतो आणि यंत्र त्यालाच जीएसटी समजतं. ॲसिटिलकोलीनएस्टरेज मोजायच्या एलमनच्या 1961 सालच्या पद्धतीत 412 नॅनोमीटरवर पिवळा रंग मोजतात, तिथेही ऊतीतले थायोल (गंधकयुक्त) गट रंग देतात. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) नसलेला ब्लँक हवाच.

नमुने ताटकळत ठेवणं

कार्बामेटने बंद पडलेलं एन्झाइम आपोआप सुटतं. वाटून, पातळ करून नमुना टेबलावर राहिला तर परिणाम पुसला जातो. सगळं बर्फात ठेवा आणि लगेच मोजा.

खतातली गांडुळं तशीच वापरणं

आयसेनिया फेटिडा आणि आयसेनिया आंद्रेई या दोन जाती सहज मिसळलेल्या मिळतात: पहिलीवर पट्टे, दुसरी साधारण एकसारखी लाल. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 207 क्रमांकाच्या, 1984 च्या चाचणीत 300 ते 600 मिलिग्रॅमची, गळ्याजवळचा जाड पट्टा आलेली प्रौढ गांडुळं घेतात, ती उगाच नाही. शेणाने भरलेलं माध्यमही टाळा. सेंद्रिय पदार्थ औषध धरून ठेवतात आणि गांडुळापर्यंत मात्रा पोहोचतच नाही.

जीएसटी वाढलं म्हणजे विष पचलं, असं मानणं

जीएसटी इतर ताणांनीही वाढतं. पचन दाखवायचं तर मूळ औषध आणि त्याचा तुकडा, क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत ट्रायक्लोरोपिरिडिनॉल, मोजावा लागतो. तोही मातीतले जिवाणू स्वतंत्रपणे तयार करतात. तेवढंच औषध घातलेली, पण गांडूळ नसलेली कुंडी शेजारी ठेवली नसेल, तर तो आकडा कोणाच्या नावावर टाकायचा हे ठरवताच येत नाही.