कडबा का ज्वारी: औषधाच्या क्रिस्टलचा आकार घरी समजून घ्यायची पद्धत

वाळूजच्या औषध कारखान्यांत नवीन लागलेली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, की पावडर तीच, एचपीएलसीला (शुद्धता मोजायच्या मशीनला) प्युरिटी तीच, मग त्या बॅचच्या गोळ्या झकास निघाल्या अन् ही बॅच हॉपरमधेच (गोळीच्या मशीनवरच्या नरसाळ्यात) अडकून बसली, कामून? बऱ्याचदा उत्तर क्रिस्टलच्या आकारात असतं आणि मायक्रोस्कोपखाली कुणी बघितलेलंच नसतं. पुस्तकातून हे डोक्यात शिरत नाही (माझ्या तरी नाही शिरलं), म्हणून घरी करून बघा.

कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणा, कापसावर लाल्या आला की फवारतात तेच. त्यातलं थोडं चाळून बाजूला ठेवा, ते दाणेदार असतं. मग अर्धी वाटी गरम पाण्यात तेवढंच मॅग्नेशियम सल्फेट टाकून हलवत राहा, तळाला जरा राहिलं तर राहू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून सरळ फ्रीजमधे. तीन-चार तासांनी बघा, ग्लासभर सुयांचा झुपका. फ्रीजमधे ठेवताना चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं लेकरू सरबत समजून पिऊन टाकेल, आणि भांडी स्वयंपाकाची वापरू नका.

आता पाणी निथळून सुया टिश्यूवर सावलीत वाळवा. सावलीतच बरं का, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ डिग्रीच्या उन्हात गच्चीवर ठेवल्या तर आतलं पाणी उडतं अन् सुया पांढऱ्या पिठूळ होतात. मॅग्नेशियम सल्फेटच्या ह्या क्रिस्टलमधे पाण्याचे ७ रेणू बांधलेले असतात. कार्बामाझेपिन ह्या फिटच्या गोळीत उलटं होतं, ती दमट जागी राहिली तर हवेतलं पाणी घेऊन डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू बांधलेला प्रकार) बनते, गोळी कडक होते आणि विरघळायला वेळ लागतो, म्हणून ती बाथरूमच्या कपाटात ठेवायची नसते.

सुया वाळल्या की एक ग्लास सुयांनी भरा, तसाच दुसरा दाण्यांनी, अन् वजन करा. माल एकच, पण सुयांचा ग्लास हलका भरतो कारण मधे पोकळी लई राहते. मग दोन्ही ग्लास टेबलावर १०० वेळा हळू आपटा. सैल १०० मिलीचं आपटून ७० मिली झालं तर ३० टक्के दबलं, आणि हा आकडा २५ च्या वर गेला की हॉपरमधे त्रास होणार असं धरून चाला. शेवटी कागदाच्या नरसाळ्यातून दोन्ही ओता. दाणे सळसळ खाली येऊन पसरट ढीग करतात, सुया नरसाळ्याच्या तोंडाशीच एकमेकींत अडकतात, काडीनं ढोसल्याशिवाय हलत नाहीत.

आपल्या गावाकडच्या माणसाला हे वेगळं समजवायची गरजच नाही खरं तर. पोत्याला भोक पाडलं तर ज्वारी धार लागून सांडते, कडबा सांडेल का? एकाच ताटाचा माल आहे दोन्ही. गोळीच्या मशीनमधे डाय (गोळीचा साचा) भरायला क्षणभर मिळतो, तेवढ्यात पावडर पडली नाही की एक गोळी जड, एक हलकी.

आयबुप्रोफेन हे ह्याचं नेहमीचं उदाहरण आहे, हेक्झेनमधून काढलं तर लांब सुया, मिथेनॉलमधून काढलं तर बुटके जाड क्रिस्टल, औषध तेच. म्हणजे सॉल्व्हंट (ज्यात औषध विरघळवतो तो द्रव) बदला, कूलिंग हळू करा, योग्य वेळी सीड (विरजणासारखे थोडे तयार क्रिस्टल) टाका, हे तीन हत्यार आधी वापरून बघायचे. मिलिंग करून म्हणजे दळून सुया मोडता येतात पण मग बारीक धूळ होते, ती वेगळीच डोकेदुखी.

इथं एक गफलत सगळेच करतात. बाहेरचा आकार वेगळा म्हणजे आतली रचना वेगळी असं नसतं. पेंढ्या त्याच, पण आडव्या रचल्या का उभ्या, हा आतला प्रश्न, त्याला पॉलिमॉर्फ म्हणतात, आणि तो डोळ्यांनी ठरवू नका, एक्सआरडी (एक्स-रे टाकून आतली रचना बघायची तपासणी) लावा. पॅरासिटामॉलचा नेहमीचा फॉर्म १ दाबला तर नीट बसत नाही, गोळीची टोपी निघते, फॉर्म २ छान दाबला जातो पण तो टिकत नाही, परत १ होतो. रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध १९९६ ला बाजारात आलं अन् १९९८ ला कॅप्सूलमधे नवाच, कमी विरघळणारा फॉर्म निघाला, डिसोल्युशन (विरघळण्याची चाचणी) फेल, ती कॅप्सूल बंद करावी लागली आणि पुढं फ्रीजमधे ठेवायची वेगळी कॅप्सूल काढली.

मी आधी जिथं होतो तिथं एकदा रात्रभर फिल्टर उतरेना, केक (कापडावर साचलेला क्रिस्टलचा थर) चिखलासारखा. आम्ही दोनदा कापड बदललं, व्हॅक्युम पंपाला शिव्या घातल्या, सकाळी सरांनी स्लाइडवर एक थेंब घेऊन बघितलं तर केसासारख्या सुया गच्च बसलेल्या, पाणी जाणार कुठून? कूलिंग कुणीतरी घाईत फुल सोडलं होतं. तेव्हापासून रिॲक्टर खाली करायच्या आधी एक थेंब स्लाइडवर घेतो, दोन मिनिटं लागतात, आणि फोटो काढून बॅच नंबर टाकून ठेवतो.