पावसाळी दिवशी लहानग्यांसाठी वाटीभर उकड

पाऊस सकाळपासून लागून राहिला की दीड ते तीन वर्षांचं मूल घरात कुरकुरायला लागतं. तेव्हा लगेच बैठा खेळ काढू नका, आधी अंगातली रग जिरू द्या. गाद्या-उशांच्या डोंगरावर चढणं, दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या बोगद्यातून रांगणं, असं पंधरा-वीस मिनिटं चालू दे. दमट हवेत लादी निसरडी होते, म्हणून मोजे काढून अनवाणीच खेळवा.

मग आकार करून खेळायला उकड, म्हणजे तांदळाच्या पिठीचा शिजवून मळलेला गोळा. कणकेचा गोळा रबरासारखा मागे ओढला जातो, चिमुकल्या बोटांनी दिलेला आकार टिकत नाही. तांदळाच्या पिठात तो ताण नसतो, शिवाय उकड शिजलेली असल्यामुळे थोडी तोंडात गेली तरी कच्च्या पिठासारखी काळजी नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर तेल घालून उकळा, आच मंद करून वाटीभर तांदळाची पिठी घाला, ढवळून झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांनी उतरवा, पाच मिनिटं झाकूनच ठेवा आणि मग पाण्याचा हात लावून मळा. भेगा पडल्या तर पाणी कमी पडलंय, हात ओला करून पुन्हा मळा. हाताला चिकटली तर तेलाचा हात लावा. गोळा वरून गार लागला तरी आत गरम असतो. मोडून, बोटाने पाहूनच द्या.

गुलाबी रंगासाठी त्याच पाण्यातले दोन चमचे कमी करून तेवढा बिटाचा रस घाला. पिवळ्याला चिमूटभर हळद पुरते, पण कपड्यांवरचे डाग सहज निघत नाहीत, तेव्हा जुना सदरा घाला. सोबत पोळपाट, छोटं लाटणं, मोदकाचा साचा आणि ठसे उमटवायला चहाची गाळणी. सगळं एकदम समोर मांडू नका. एका वस्तूतून मन उडालं की दुसरी काढा.

उकड टिकावी म्हणून मीठ घालायचा मोह आवरा. खारा गोळा मुलाने जास्त गिळला तर ते धोक्याचं आहे. चणे, राजमा, मणी सजावटीलाही नकोत; ते नाकात जातात, घशात अडकतात.

नंतर परातीत दोन बोटं पाणी आणि कागदी होड्या. परात लादीवर नको, जुन्या टॉवेलवर ठेवा आणि तिथून हलू नका. दाराची बेल वाजली तर मुलाला कडेवर घेऊनच उठा. एवढ्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं. खेळ संपताच परात रिकामी करा. उरलेली उकड संध्याकाळपर्यंत आंबते, टाकून द्या.