दिवाळीच्या सुट्टीत किब्बरला: आयबेक्स आणि भरल शोधायला दोघांनी जाताना

हिमालयात आयबेक्स आणि भरल या रानबकऱ्या बघायला जायचा बेत ठरला की सोलापुरात पहिली चौकशी होते ती लेन्सची. लेन्स शेवटी घ्या, भाड्यानेही मिळते. किब्बर हे गाव हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात आहे; तिथे जनावर दिसणार की नाही हे उंची आणि वारा ठरवतात, आणि ही दोन्ही सांभाळायला माणसं दोन लागतात. म्हणून तयारीची सुरुवात जोडीदारापासून.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. एकेकाळी हिमालयात साहेबलोक शिंगांसाठी बंदुका घेऊन चढत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते संपलं. आपण दुर्बीण आणि कॅमेरा नेतो. माग काढायची विद्या मात्र तीच आहे, आणि तिच्यात घाईला जागा नाही.

जोडीदार निवडताना मैत्री किती जुनी आहे यापेक्षा चाल किती जुळते ते बघा. एकाने धावत पुढे जायचं आणि दुसऱ्याने धापा टाकत मागून यायचं, असं झालं की मागचा आपलं डोकं दुखतंय हे लाजेखातर सांगत नाही. उंचीवर याच्याइतकं धोकादायक काही नाही. घरातून निघण्यापूर्वी एक नियम ठरवा: दोघांपैकी एकाने ‘मागे फिरू’ म्हटलं की दोघांनी फिरायचं, कारण विचारायचं ते खाली उतरल्यावर.

सोलापुरातली आठ आठवड्यांची तयारी

आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर आणि चहूकडे सपाट. चढ नाही, म्हणून जिने. चार मजली इमारतीचा जिना तळापासून गच्चीपर्यंत साधारण १२ मीटर चढतो, म्हणजे २५ फेऱ्या झाल्या की ३०० मीटर. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पाठीने १० फेऱ्या, मग दर आठवड्याला दोन-तीन वाढवत न्या आणि पाठीवरचं वजन हळूहळू ८ किलोपर्यंत आणा. ८ किलो घेऊन ३०० मीटर एका तासात, बोलता येईल इतक्या श्वासात जमलं की पुरे. उतरताना लिफ्ट घेऊ नका. स्पितीत गुडघे उतारावर बोलतात, चढावर नाही. ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा आणि ऑक्टोबरचं ऊन पाहता सकाळी सहाच्या आत आटपा.

बूट नवे घेतले असतील तर त्यातच हे जिने करा. एकूण ८० ते १०० किलोमीटर चालून झाल्याशिवाय ते बूट डोंगरात नेऊ नयेत. टाचेला फोड आला की सहलीचे दोन दिवस गेलेच.

मात्र या सगळ्या कसरतीने पायात ताकद येते, उंचीपासून संरक्षण मिळत नाही. जिममध्ये कमावलेला माणूसही विरळ हवेत आजारी पडतो, विशेषतः तो जोरात चढला तर.

नजरेचा सराव मात्र आपल्याकडे उत्तम होतो. बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे. तिथल्या माळावर काळविटांचे कळप असतात. वनविभागाची परवानगी घेऊन, ठरलेली वाट न सोडता, दोन-तीन रविवारी सकाळी बसा. एकाने कळप दुर्बिणीत धरायचा आणि दुसऱ्याला तो फक्त शब्दांनी दाखवायचा: ‘एकट्या बाभळीच्या डावीकडे, दोन बोटं खाली, पिवळ्या गवताच्या कडेला.’ हात लांब करून एक बोट आडवं धरलं की अंदाजे दोन अंश होतात, म्हणून बोटांचं माप दोघांच्याही उपयोगाचं. हे जमेपर्यंत भांडणं होतात. ती नान्नजलाच होऊन गेलेली बरी.

कोणत्या वाटेने आणि किती रात्री

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी योग्य काळ. रस्ते बहुधा चालू असतात, आकाश निवळलेलं असतं, थंडी सोसवते. नर झुंजतात तो माजाचा काळ नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. तो बघायचा मोह होतो, पण तेव्हा पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास जाऊ शकतो आणि नळ गोठतात. पहिल्या खेपेला नको.

कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला नेते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत लगेच भरतं. पुढे चंदीगड किंवा कालका, मग सिमला. तिथून मुक्काम असे पाडा: सिमल्यात एक (सुमारे २२०० मीटर), कल्पाला दोन (सुमारे २९५०), ताबोला एक (सुमारे ३२८०), काझात दोन (सुमारे ३६५०) आणि मग किब्बर (सुमारे ४२००), जिथे चार रात्री हव्यात. कल्पाजवळच्या रिकांगपिओहून काझाकडे हिमाचल परिवहनची बस सकाळी सुटते आणि ती ताबोवरून जाते. प्रवासासकट पंधरा-सोळा दिवसांची रजा लागते, परतीचे मोकळे दिवस वेगळे. रजा कमी मिळाली तर किब्बरची एक रात्र कापा, काझाची कापू नका.

मनालीहून अटल बोगदा आणि कुंझुम खिंड या वाटेने काझा एका दिवसात गाठता येतं, म्हणून ती जवळची वाटते. जाताना ती टाळा. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. तिथून त्याच दिवशी साडेचार हजारांची खिंड ओलांडून ३६५० वर झोपायचं म्हणजे डोकेदुखीला घरी बोलावणं. शिवाय ही खिंड बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून बंद होते.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा सर्वमान्य नियम. काझा ते किब्बर हा टप्पा त्यापेक्षा थोडा जास्त भरतो, म्हणून काझात दोन रात्री. किब्बरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. एका श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने कमी.

डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, चक्कर किंवा फार थकवा असेल तर तो उंचीचा त्रास समजा. आणखी वर जाऊ नका, आराम करा, पाणी प्या. आरामाने कमी होत नसेल तर खाली. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, बोलण्यात गोंधळ होतो किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी गाडी करून उतरा. काझाला रुग्णालय आहे. ही चालायची चाचणी दोघांनी रोज संध्याकाळी एकमेकांची घ्यावी. आजारी माणसाला आपलं बिघडलंय हे कळत नाही, ते शेजारच्याला कळतं. प्रतिबंधासाठी अॅसिटाझोलामाइड घेतात, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी याबाबत विशेष जपायचं, त्यामुळे सोलापुरातच डॉक्टरांना विचारून मगच घ्या. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही बंद.

सामान

सोलापुरी चादर घरी ठेवा. वाईट वाटेल, पण जाड सूत घाम आणि दव धरून ठेवतं, वाळत नाही आणि जड असतं. टर्किश टॉवेलचंही तेच. अंगाला लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, बसून राहताना पिसांचं जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारं कवच. हातमोजे दोन थरांचे, आतले इतके पातळ की कॅमेऱ्याचं बटण दाबता यावं. रंग खाकी, तपकिरी, राखाडी. खुरवाल्या जनावरांना निळा रंग चांगला दिसतो, म्हणून जीन्स आणि निळं जाकीट नको. अतिनील किरणं अडवणारा गॉगल हवाच.

दुर्बीण दोघांना वेगवेगळी हवी, ८×४२ किंवा १०×४२. स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) आणि तिपाई दोघांत एक पुरते. कॅमेऱ्याचं गणित असं: भरल खांद्याला ८०-९० सेंटिमीटर उंच. शंभर मीटरवरून, फुलफ्रेम कॅमेऱ्यात, ४०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची उंची चौकटीच्या सातव्या भागाएवढी येते. डोंगरासकट जनावर हवं असेल तर हे पुरेसं आहे. नुसतं तोंड हवं असेल तर ६०० घ्या आणि तेवढं ओझं वाहायची तयारी ठेवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे जादाच्या दोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभराने उघडा. नाहीतर गरम हवेतली वाफ भिंगावर आणि आत धरते.

खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्याइतकं हलकं, टिकाऊ आणि पोटभरीचं दुसरं काही सापडणार नाही. भाकरी डब्यात न्या, पिशवीत चुरा होतो. उंचीवर भूक मरते, म्हणून दर दोन तासांनी गूळ-शेंगदाणे तोंडात टाका. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. किब्बरला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे होमस्टेमध्ये डाळ शिजायला वेळ लागला तर कुरकुर करू नका.

कडा वाचणं

किब्बर वन्यजीव अभयारण्य २२०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि तिथे आयबेक्स आणि भरल दोन्ही आहेत. गावातला माहीतगार वाटाड्या घ्याच. कुठल्या घळीत कळप आहे, कुठली कुरणं गावाने चराईपासून राखून ठेवली आहेत, हे त्यालाच ठाऊक. किब्बर आणि शेजारचं चिचम गाव यांच्यामधली खोल दरी आणि तिच्यावरचा पूल ही सुरुवात करायला चांगली जागा.

आयबेक्सच्या नराची शिंगं मागे कोयत्यासारखी वळलेली, पुढच्या बाजूला गाठी, आणि हनुवटीला दाढी. भरलाची शिंगं गुळगुळीत, आधी बाजूंना पसरून मग मागे वळतात. दाढी नसते आणि नराच्या कुशीवर काळा पट्टा असतो. हे लक्षात ठेवायचं कारण वेगळंच आहे: तुम्हाला पूर्ण जनावर दिसणारच नाही. भरल खडकाच्या रंगाचा. दिसतो तो काळा पट्टा, पांढरं पोट, किंवा उभ्याआडव्या भेगांमध्ये न बसणारी शिंगाची गोलाई. दगडाला टेकून बसा, कोपर गुडघ्यांवर टेकवा, उताराचे आडवे पट्टे पाडा आणि एका उताराला किमान वीस मिनिटं द्या. उभ्याने दुर्बीण फिरवणाऱ्याला फक्त डोंगर दिसतो. उन्हाने हवा थरथरायला लागण्याआधी, म्हणजे दहाच्या आत, स्कोपचं काम उरका. दुपारी जनावरं कड्यांवर रवंथ करत बसतात आणि चार वाजल्यापासून पुन्हा चरायला लागतात.

जवळ जाणं

वाऱ्याचं वेळापत्रक असं: ऊन पडेपर्यंत थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापून तास-दीड तास झाला की ती वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. सकाळी लवकर कळपाच्या वर गेलात तर तुमचा वास थेट त्यांच्या नाकात. आधी वाट बघा, हवा वर वाहू लागल्यावर आडवळणाने त्यांच्या वरच्या अंगाला जा. धोका खालून येतो असं गृहीत धरून ही जनावरं बहुधा खालीच बघत असतात. वारा तपासायला दाबता येणाऱ्या छोट्या बाटलीत चाळलेली राख भरा आणि दर पन्नास पावलांवर चिमूटभर उडवा. डोंगराच्या सोंडेच्या कडेला आणि घळीच्या तोंडाशी वारा उलटा फिरतो. बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात.

दोघांनी एकदम निघायचं नाही. एक जण स्कोपपाशी बसून राहतो, कळपावरून नजर हलवत नाही. दुसरा वाटाड्यासोबत सरकतो. निघण्यापूर्वी त्याने तीन खुणा पाठ कराव्यात, कारण खाली उतरलं की समोरचा डोंगर अनोळखी होतो. बसलेल्याचे इशारे आधी ठरलेले: उजवा किंवा डावा हात आडवा म्हणजे तिकडे सरक, दोन्ही हात वर म्हणजे थांब, टोपी हलवली म्हणजे कळप गेला, परत ये. पुढचा दर दहा मिनिटांनी दुर्बिणीतून मागे बघतो. फोनवर विसंबू नका.

धारेवर उभं राहू नका. खडकावरून डोकं काढण्यापेक्षा त्याच्या कडेने बघा. सुट्या दगडगोट्यांच्या उतारावर एकमेकांच्या बरोबर खाली कधीही चालू नका. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड कळप तर उधळतोच, खालच्याचं डोकंही फोडतो.

एक मान वर झाली तर थिजून राहा, बहुधा ती पुन्हा चरू लागते. सगळ्या माना वर झाल्या किंवा तीक्ष्ण शीळ ऐकू आली तर तुम्ही गरजेपेक्षा पुढे आला आहात. तिथेच बसा, नाहीतर मागे सरका. हिवाळ्याच्या तोंडावर साठवलेली चरबी त्यांना वसंतापर्यंत पुरवायची असते आणि प्रत्येक पळापळीत ती खर्च होते. त्याच कळपामागे त्या दिवशी पुन्हा जाऊ नये.

काझा आणि आसपासच्या गावांत मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात. पहाटे निघताना हातात काठी ठेवा आणि पळू नका.

परतीचं रेल्वे तिकीट काढताना मध्ये दोन मोकळे दिवस सोडा. नाकोजवळचा मलिंग नाला दरड कोसळून रस्ता अडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. रस्ता उघडायला कधी काही तास लागतात, कधी त्याहून जास्त. रोख रक्कमही त्या दोन दिवसांच्या मुक्कामाची धरूनच न्या, कारण काझाच्या एटीएममध्ये पैसे असतीलच असं नाही.