नव्या वायरलेस मानकाचा प्रस्ताव कसा तपासावा

मोबाइल डेटाच्या नव्या मानकाचा प्रस्ताव हाती आला की पहिल्याच पानावर ठळक छापलेला कमाल वेग तूर्त बाजूला ठेवावा आणि तो किती बँडविड्थ (वापरलेल्या वारंवारता-पट्ट्याची रुंदी) व किती अँटेना गृहीत धरून काढला आहे, ते आधी शोधावे. ४जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलटीई मानकाचा २० मेगाहर्ट्‌झमधला सेकंदाला ३०० मेगाबिटचा आकडा दोन्ही टोकांना चार-चार अँटेना असतानाचा आहे. दोन-दोन असतील तर तो १५० वर येतो.

खरी परीक्षा सेलच्या, म्हणजे एका बेस स्टेशनच्या क्षेत्राच्या, कडेला होते. कमाल वेगाची मर्यादा सांगणाऱ्या शॅननच्या सूत्राप्रमाणे सिग्नल नॉइजच्या (पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या) १०० पट असेल, तर २० मेगाहर्ट्‌झमध्ये एका प्रवाहाची (दोन्ही टोकांना एकेकच अँटेना असतानाची) सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला सुमारे १३३ मेगाबिट असते. कडेला सिग्नल क्षीण होऊन दोन्ही सारखेच झाले की ती २० वर घसरते, आणि तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी करायची असते. म्हणूनच आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) निकषांत सर्वांत कमी वेग मिळणाऱ्या ५ टक्के ग्राहकांची मर्यादा वेगळी मागितलेली असते. प्रस्तावात ती नसेल, तर पुढे वाचण्याची घाई करू नये.

त्यानंतर ग्राहकाच्या गतीकडे वळावे. ३.५ गिगाहर्ट्‌झवर ताशी ३५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत डॉप्लर परिणामामुळे वारंवारता सुमारे १,१३० हर्ट्‌झने सरकते. सबकॅरिअरमधले (डेटा वाहणाऱ्या शेजारशेजारच्या लहान वाहक लहरींमधले) अंतर १५ किलोहर्ट्‌झ असेल, तर ही सरक त्याच्या साडेसात टक्के भरते, तेव्हा ती कशी सावरली जाणार आणि हँडओव्हरच्या वेळी (एका सेलमधून दुसऱ्यात जाताना) डेटा किती मिलिसेकंद खंडित राहणार, हे लेखी मागावे.

लेटन्सीच्या (डेटा पोहोचायला लागणाऱ्या वेळेच्या) आकड्यात मात्र हमखास गफलत होते. पाचव्या पिढीसाठी आयटीयूने घातलेली ४ (साध्या ब्रॉडबँडसाठी) आणि १ (अतिविश्वसनीय सेवांसाठी) मिलिसेकंदांची अट फक्त रेडिओ टप्प्याची, एकाच दिशेची आणि गर्दी नसतानाची आहे. सर्व्हरपर्यंतचा प्रवास त्यात धरलेला नाही.

आकडे सिम्युलेशनमधले आहेत की प्रत्यक्ष चाचणीतले, हेही विचारावे.

एवढे सगळे जमले तरी चिप, हँडसेट आणि बेस स्टेशन कोण बनवणार, जुन्या जाळ्यावरून नव्यावर कसे जाता येणार आणि पेटंटचे परवाने कोणत्या अटींवर मिळणार, हे प्रश्न उरतातच, आणि माझ्या मते निकाल बहुतेकदा तिथेच लागतो: २०१० मध्ये आयटीयूच्या चौथ्या पिढीच्या निकषांवर एलटीई-अ‍ॅडव्हान्स्डबरोबर वायमॅक्स या प्रतिस्पर्धी मानकाची पुढची आवृत्तीही उत्तीर्ण झाली होती, पण मोबाइल कंपन्या एलटीईकडेच गेल्या.