मनीसाठी कोरफड नको, गव्हाचं गवत लावलं

आमच्या मनीला हिरवं चावायची भारी हौस. गॅलरीतल्या कोरफडीला दात लागले की थोड्याच वेळात उलटी, नाहीतर पातळ शी. आपल्याला चालतं ते मांजरालाही चालेल असं पुष्कळांना वाटतं. पण कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकातलं अलोइन हे जालीम रेचक आहे, मांजर-कुत्र्यांना ते बाधतंच.

कोरफड मात्र टाकवेना. बुडाशी फुटलेली पिल्लं मुळांसकट सोडवली, जखम सुकेपर्यंत दोन-तीन दिवस सावलीत ठेवली आणि निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत लावली. (नुसतं पान खोचलं तर ते बहुधा सडतं.) नाशिकच्या पावसाळ्यात त्यांना पाणी जवळजवळ नकोच. कुंड्या आता खिडकीबाहेरच्या ग्रिलला टांगल्यात, तिथे मनी पोचत नाही.

तिच्यासाठी गहू पेरला. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, म्हणून डब्यातलाच घेतला. रात्रभर भिजवायचा, पसरट कुंडीत दाट पसरायचा, वर मातीचा पातळ थर. आठ-दहा दिवसांत चांगलं गवत येतं. इथल्या थंडीत जरा उशीर लागतो. बुडाशी बुरशी दिसली तर सगळं फेकून नव्यानं पेरावं.

मनी आता मान तिरपी करून दाढेनं पाती कराकरा तोडते. गवतानं कधी केसांचा गोळा उलटून पडतो, त्याला घाबरू नये. पण कोरफड खाऊन जनावर मलूल पडलं, तर घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्याकडे न्यावं.