पिना, पीव्हीसी आणि बोअरचं पाणी : पितळी सुटे भाग घरीच लख्ख कसे करावेत

फवारणी पंपाचं नोझल, शेगडीचं बर्नर, जुनं पितळी कुलूप, बैलाच्या गळ्यातली घंटा. चिंच आणि राख घेऊन घासलं की बाहेरचा भाग निघतो, पण आट्यांत बसलेला मळ आणि क्षाराचा पांढरा थर तिथंच राहतो. त्यावर उपाय आहे: स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, साबणाचं पाणी आणि वस्तू एका बंद ड्रममध्ये घालून दोन-तीन तास फिरवत ठेवायचं. सोनारही दागिने उजळायला अशाच पिना वापरतात, फक्त त्यांच्या मशीनमध्ये पिना चुंबकाने नाचतात. म्हणून पिना सराफ्यात, पॉलिशचं सामान विकणाऱ्याकडे विचाराव्यात.

पिना वाळूसारख्या खरडत नाहीत. त्या ठोकतात, घासतात आणि मळ सुटा करतात. सुटलेला मळ धरून ठेवायचं काम पाण्याचं. मराठवाड्यात ही पद्धत फसते ती बहुतेक वेळा इथंच, कारण आपल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि वाळल्यावर वस्तूवर पांढरे डाग उरतात.

आधी ड्रम

शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला १६० मिमीचा पीव्हीसी तुकडा उत्तम. साधारण २५ सेंमी लांब कापा, एका टोकाला एंड कॅप सोल्युशनने पक्की बसवा आणि दुसऱ्या टोकाला काढता येणारं, गळणार नाही असं झाकण लावा. हा ड्रम दोन आडव्या रोलरवर ठेवायचा. रोलर ४० मिमी पाइपचे चालतात. त्यांवर सायकलची जुनी ट्यूब ओढली की ड्रम घसरत नाही.

वेग महत्त्वाचा. ड्रम फार जोरात फिरला तर पिना भिंतीला चिकटून गोल फिरत राहतात, काम काहीच होत नाही. त्याची मर्यादा काढायला सोपं गणित आहे: ४२.३ भागिले ड्रमच्या आतल्या व्यासाचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. १५ सेंमी व्यासाला ते मिनिटाला सुमारे १०९ फेरे येतं. आपल्याला त्याच्या निम्मे, म्हणजे ५० ते ६० फेरे पुरेत. रोलर ड्रमच्या चौथाई व्यासाचा असल्याने त्याला चौपट वेग लागतो, म्हणून तो फिरवायला २०० आरपीएमची गिअरवाली १२ व्होल्ट मोटर घ्या. ओल्या कामाजवळ घरची २३० व्होल्टची लाइन नसलेलीच बरी. शिवाय लाइट गेली तर फवारणी पंपाची १२ व्होल्ट बॅटरी जोडून काम पुढे नेता येतं. ड्रम हळूहळू एका बाजूला सरकतो. दोन्ही टोकांना लाकडी अडसर ठोका.

काय घालायचं, काय नाही

घन पितळ, तांबं, कांसं, स्टेनलेस स्टील चालतं. ड्रमच्या पाण्यात थोडं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, असतं. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग, म्हणजे कार्बोरेटरची बॉडीसुद्धा, त्यात घालू नका: ते काळवंडतात आणि आम्लाशी हायड्रोजन वायू तयार करतात, बंद ड्रममध्ये तो धोक्याचा. कार्बोरेटरचे जेट पितळी असले तरी बाहेरच ठेवा, त्यांचं भोक मापाचं असतं. कल्हईची भांडी, मुलामा दिलेल्या वस्तू, जुनी नाणी आणि बिदरी काम तर मुळीच नाही. पोळ्यासाठी घंटा खुशाल घाला, आतला लोळा कापडाने बांधून. घुंगरू मात्र हातानेच घासा. फटीतून आत गेलेली पीन बाहेर येत नाही, मग बैल वर्षभर खुळखुळत फिरेल.

लोखंड आणि पितळ एका खेपेत नको. आम्लाच्या पाण्यात पितळातलं तांबं विरघळतं आणि लोखंडावर तांबूस थर चढतो.

आता प्रत्यक्ष काम

ग्रीसचे भाग आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुऊन, मग पावडरच्या पाण्यातून काढा. क्षार चढलेली नोझलं उघड्या वाटीत, लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवा. हा वायू ड्रममध्ये कोंडला तर झाकण उडू शकतं.

मग ड्रममध्ये २ किलो पिना आणि किलो-दीड किलो भाग. सगळं बुडून तीन चतुर्थांश भरेल इतकंच पाणी घाला, भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका आणि लिटरमागे पाव चमचा लिंबूसत्व. बोअरचं पाणी फारच जड असेल तर अर्धा चमचा. जास्त घातलं की जास्त चमकतं हा समज काढून टाका. आम्ल वाढलं की पितळ गुलाबी पडतं. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी ‘वाया जातंय’ म्हणून इथे वापरू नका, त्यात क्षार आणखी साठलेले असतात.

पंधरा-वीस मिनिटांनी ड्रम थांबवून झाकण एकदा सैल करा, वायू असला तर निघून जाईल. साधा काळपटपणा तासाभरात जातो, जुना मळ दोन-तीन तास घेतो. पाणी शाईसारखं झालं तर ओतून नवं भरा, नाहीतर तोच मळ परत वस्तूवर बसतो. रात्रभर फिरवून कडा आणि आटे बोथट होतात, मिळत काही नाही. काम मधेच बंद पडलं तर वस्तू पाण्यात सोडू नका, बाहेर काढा.

टबमध्ये भरपूर पाणी घेऊन मोठ्या भोकांच्या चाळणीत वस्तू हलवल्या की पिना खाली पडतात. उरलेल्या पिना जुन्या स्पीकरच्या चुंबकाने उचला. म्हणून विकत घेतानाच पिना चुंबकाला धरतात का ते पाहून घ्या. बर्नरचं प्रत्येक भोक उजेडासमोर धरा. एक अडकलेली पीनही शेगडीवर चालणार नाही.

शेवटचं विसळणं आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात, तांब्याभर पुरतं. लगेच सुती फडक्याने पुसून उन्हात ठेवा. डाग पडायचे ते वाळताना, म्हणून पुसण्याचा कंटाळा नको. लोखंडी भाग धुतले असतील तर गरम असतानाच तेलाचा हात फिरवा.

राहिलं काळं पाणी. त्यात तांबं असतं, पितळातून थोडं शिसंही येतं, म्हणून रबरी हातमोजे घाला आणि हे पाणी झाडाला, विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका. बादलीत मूठभर चुना ढवळून रात्रभर ठेवा; धातू गाळ होऊन तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी गटारात सोडा, गाळ वाळवून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात वेगळा द्या.