फलकावरची मूल्ये आणि साहेबांचे वागणे: नेतृत्वाने या चुका टाळाव्यात

तिमाहीचा शेवटचा आठवडा होता आणि माल त्याच संध्याकाळी रवाना व्हायचा होता. गुणवत्ता विभागातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने बैठकीत सांगितले की, तयार बॅचच्या दोन नमुन्यांचे रीडिंग मर्यादेच्या किंचित बाहेर आले आहे. कंपनीच्या प्रमुखांनी तो कागद हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि विचारले, "ग्राहकाच्या हे लक्षात येईल का?" त्यांनी कोणालाही चुकीचे काम करायला सांगितले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर 'गुणवत्तेशी तडजोड नाही' हे वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेले होते. माल त्या संध्याकाळी गेला. पुढे कित्येक महिने त्या बैठकीत मर्यादेबाहेरचे एकही रीडिंग आले नाही. उत्पादन सुधारले म्हणून नव्हे, तर असे आकडे वर न्यायचे नसतात हे खालच्या सर्वांना त्या एका प्रश्नातून समजले होते म्हणून.

मनुष्यबळ विभागाचा प्रतिनिधी म्हणून मी त्या बैठकीत बसलो होतो आणि मीही काही बोललो नाही. त्यानंतर मूल्यांविषयीच्या अनेक चर्चांमध्ये माझा सहभाग राहिला, आणि दरवेळी एकच गोष्ट अधिक स्पष्ट होत गेली. संस्थेची मूल्ये कोणती, हे कर्मचारी फलक वाचून ठरवत नाहीत. मूल्य पाळण्यासाठी पैसा, वेळ किंवा प्रतिष्ठा खर्ची घालण्याची पाळी येते तेव्हा वरिष्ठ काय करतात, हे पाहून ते ठरवतात. पुढे दिलेल्या चुका याच ठिकाणी होतात, आणि त्या बहुधा भल्या माणसांकडूनच होतात.

मूल्ये लिहिणे म्हणजे काम संपले असे मानणे

सचोटी, आदर, ग्राहकहित, उत्कृष्टता हे शब्द इतके निर्विवाद आहेत की त्यांना कोणीच विरोध करत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ते रोजच्या कामात कोणाला अडवतही नाहीत. मूल्य उपयोगी ठरायचे असेल तर त्यातून काय करायचे नाही, हे कळले पाहिजे. 'सचोटी' असे लिहून थांबण्यापेक्षा 'मालाला उशीर होणार असे दिसले, तर ग्राहकाने विचारण्याआधी त्याच दिवशी आपण त्याला कळवू' असे लिहिले, तर विक्री विभागातल्या नव्या माणसालाही सोमवारी सकाळी काय करायचे ते समजते. यावर एक सोपी तपासणी करता येते. गेल्या वर्षभरात या मूल्यामुळे आपण कोणती ऑर्डर सोडली, कोणता खर्च वाढवून घेतला किंवा कोणाला नकार दिला, असे संचालकांनी स्वतःला विचारावे. एकही उदाहरण आठवले नाही, तर ते मूल्य अजून कागदावरच आहे असे समजावे.

कर्तबगार माणसाला सूट देणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते असे माझे मत आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही चार मूल्ये जाहीर केली होती आणि तिची आचारसंहिता साठांहून अधिक पानांची होती. तरीही १९९९ साली, कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी स्वतः चालवत असलेल्या भागीदारी संस्थांना कंपनीशीच व्यवहार करता यावेत, यासाठी संचालक मंडळाने हितसंबंधांविषयीचे नियम त्याच्यापुरते बाजूला ठेवण्यास मंजुरी दिली. पुढे याच व्यवहारांचा उपयोग कंपनीची खरी आर्थिक स्थिती झाकण्यासाठी झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. इथे नियमांची उणीव नव्हती. नियम कोणाला लागू करायचा नाही हे रीतसर बैठकीत ठरवले गेले आणि त्या ठरावाने पुस्तिकेतील प्रत्येक पान निरर्थक केले.

याच्या उलट दिशेचे उदाहरण अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे आहे. पॉल ओ'नील यांनी १९८७ साली सूत्रे हाती घेतली तेव्हा नफ्यापेक्षा कामगारांची सुरक्षितता आपल्यासाठी आधी येते, असे त्यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितले. हे बोलणे ऐकून अनेकांना ते व्यवसाय समजत नसलेले गृहस्थ वाटले. परंतु त्यांचे शब्द किती खरे होते याची परीक्षा १९९६ साली झाली. भागधारकांच्या वार्षिक सभेत एका ख्रिस्ती जोगिणीने मेक्सिकोतील कारखान्यातल्या कामगारांच्या स्थितीविषयी प्रश्न उपस्थित केला. ओ'नील यांनी चौकशी केली, तेव्हा वायूमुळे कामगारांना त्रास झाल्याच्या घटना मुख्यालयाला कळवल्याच गेल्या नव्हत्या असे आढळले. त्या विभागाचे प्रमुख दीर्घ सेवेचे आणि व्यवसाय मोठा वाढवून दाखवलेले अधिकारी होते, तरी त्यांना पद सोडावे लागले. कामगारांच्या दुखापतींमुळे वाया जाणाऱ्या कामाच्या दिवसांचे जे प्रमाण १९८७ साली दर १०० कामगारांमागे १.८६ होते, ते २००० सालापर्यंत ०.२ च्या आसपास आले. या घसरणीमागे अनेक तांत्रिक सुधारणा होत्या हे खरे आहे. मात्र लपवलेल्या घटनेची किंमत कितीही मोठ्या माणसाला चुकवावी लागते हे एकदा दिसल्यावर, खालून येणारी माहिती खरी येऊ लागते, आणि सुधारणा करायची तर हातात खरी माहितीच असावी लागते.

आपल्या संस्थेत ही चूक होत आहे का, हे ओळखायचे असेल तर गेल्या पाच पदोन्नत्यांची यादी काढावी. त्यांत सहकाऱ्यांचा अपमान करणारा, हाताखालच्या लोकांचे श्रेय घेणारा किंवा आकडे फुगवणारा माणूस 'पण कामाला जबरदस्त आहे' या एका वाक्यावर पुढे गेला असेल, तर बाकीच्या सर्वांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतलेला आहे. अशा माणसाला पहिल्याच दिवशी काढून टाकावे असे मी म्हणत नाही. त्याच्याशी स्पष्ट बोलावे, मुदत द्यावी, बदल दिसेपर्यंत त्याची पदोन्नती थांबवावी आणि बदल झाला नाही तर निर्णय घेताना त्याच्या विक्रीचा आकडा समोर ठेवू नये.

मूल्ये एका दिशेला आणि बोनस दुसऱ्या दिशेला

वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेच्या मूल्यांमध्ये 'ग्राहकासाठी जे योग्य ते' हे मूल्य स्वच्छ शब्दांत होते. त्याच वेळी प्रत्येक ग्राहक कुटुंबाला बँकेच्या आठ सेवा विकाव्यात हे उद्दिष्ट वरून खालपर्यंत रेटले जात होते आणि शाखांमधील कर्मचाऱ्यांचे टार्गेट त्यावर बेतलेले होते. परिणामी ग्राहकांच्या संमतीशिवाय लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच्या काही वर्षांत याच कारणावरून काढून टाकण्यात आले होते, असेही तेव्हा उघड झाले. पुढच्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पद सोडले आणि २०२० साली बँकेने सरकारी यंत्रणांशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली.

हजारो माणसे एकाच प्रकारची चूक करतात तेव्हा माणसे वाईट निवडली गेली असे म्हणणे हे स्वतःची जबाबदारी टाळणे आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? टार्गेट ठरवणाऱ्यांनी आकडा जाहीर करण्यापूर्वी विचार करावा की, सामान्य क्षमतेच्या प्रामाणिक कर्मचाऱ्याला हा आकडा खोटेपणा न करता गाठता येईल का. उत्तर 'नाही' असेल, तर ते टार्गेट लावणे म्हणजे त्याला खोटे बोलायला भाग पाडणेच आहे. अप्रेझलमध्ये काय साधले याच्या जोडीला ते कसे साधले याची नोंद असावी, आणि त्या नोंदीचा परिणाम पगारवाढीवर प्रत्यक्ष दिसावा, नाहीतर तो रकाना सर्वजण एकसारखाच भरतात.

वाईट बातमी आणणाऱ्यावर चिडणे

रागावणे हा याचा फक्त उघड प्रकार आहे. घड्याळाकडे पाहणे, 'उपाय असेल तरच समस्या घेऊन या' असे सांगणे, 'हे आत्ताच काढायचे होते का' असे विचारणे यांतूनही तोच संदेश पोहोचतो. उपायाची अट वरवर शहाणपणाची वाटते, पण सर्वांत गंभीर अडचणी नेमक्या अशा असतात की, त्या पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाकडे उपाय नसतो, आणि अट पाळायची म्हणून तो गप्प बसतो. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढून मदत मागवायची असते आणि दोष तिथेच निस्तरला नाही तर लाइन थांबते. ही व्यवस्था पुष्कळ कंपन्यांनी उचलली, दोऱ्याही बांधल्या, पण दोरी ओढणाऱ्याकडे पर्यवेक्षक कोणत्या चेहऱ्याने येतो हे त्यांनी उचलले नाही, म्हणून त्या दोऱ्या तशाच लोंबत राहिल्या. वरिष्ठाने पहिले वाक्य आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे दबावाच्या क्षणी तोंडून भलते निघत नाही. 'बरे झाले सांगितलेत, आता काय काय माहीत आहे ते सांगा' एवढे पुरते.

मूल्यांचे काम मनुष्यबळ विभागाकडे सोपवणे

याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रमुख पहिली दहा मिनिटे बोलून निघून गेले, तर उरलेल्या सहा तासांची किंमत तिथेच ठरते.

एकदा केलेल्या चांगल्या कृतीवर वर्षानुवर्षे विसंबणे

जॉन्सन अँड जॉन्सनची तत्त्वसंहिता १९४३ सालची आहे. सत्तरच्या दशकात कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जेम्स बर्क यांनी वरिष्ठ व्यवस्थापकांना बोलावून, ही संहिता पाळायची नसेल तर ती भिंतीवरून काढून टाकावी या मुद्द्यावर उघड चर्चा घडवून आणली होती. १९८२ साली शिकागो परिसरात कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. तेव्हा कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. त्यासाठी १० कोटी डॉलरहून अधिक नुकसान सोसले आणि जनतेला सगळे उघडपणे सांगितले. हे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवले जाते.

पण त्याच्या पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. २००८ साली याच समूहातील, टायलेनॉल बनवणाऱ्याच उपकंपनीला मोट्रिन या वेदनाशामक गोळ्या नीट विरघळत नसल्याचे आढळले. पुढच्या वर्षी कंत्राटदारांची माणसे दुकानांत पाठवून, सामान्य ग्राहकासारखे वागत आणि माल परत घेतला जात असल्याचा उल्लेख न करता, गोळ्या गुपचूप विकत घेण्यात आल्या. २०१० साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हा प्रकार चर्चेला आला. भिंतीवरची संहिता दोन्ही वेळी तीच होती. मधल्या सत्तावीस वर्षांत माणसे बदलली होती, आणि मूल्य प्रत्येक नव्या पिढीच्या नेतृत्वाला स्वतःच्या निर्णयातून पुन्हा सिद्ध करावे लागते, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून दरवर्षी निदान एकदा वरिष्ठांनी एकत्र बसून, वर्षभरातला एखादा खरा, अडचणीत टाकणारा निर्णय मूल्यांसमोर ठेवून तपासावा. जुन्या गौरवकथा त्या दिवशी बाजूला ठेवाव्यात.

चूक झाल्यावर नुसते पुढे जाणे

वरिष्ठाच्या हातून मूल्याचा भंग होणारच नाही असे नाही. तो झाल्यावर बहुतेक जण नवीन धोरण जाहीर करतात, नवा फलक लावतात, पण जे घडले त्याचे नाव घेत नाहीत. दुरुस्ती करायची असेल तर ती ज्या लोकांसमोर चूक झाली त्याच लोकांसमोर करावी, नेमकी कोणती गोष्ट चुकली ते सांगावे, 'परिस्थितीच तशी होती' हे वाक्य टाळावे आणि जे नुकसान भरून देता येते ते भरून द्यावे. त्यानंतर लोकांकडून लगेच विश्वासाची अपेक्षा ठेवू नये.

सुरुवातीला ज्या प्रमुखांचा उल्लेख केला, त्यांनी हे केले. ग्राहकाची तक्रार आल्यावर त्यांनी त्याच बैठकीत, त्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे पाहून सांगितले की, त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा होता आणि माल थांबवायला हवा होता. बदलून द्यायच्या मालाचा खर्च त्यांनी कोणत्याही विभागाच्या माथी मारला नाही, ग्राहकाला फोन त्यांनी स्वतः केला. पुढच्या महिन्यापासून बैठकीचा पहिला विषय मर्यादेबाहेरची रीडिंग हा ठेवला. पहिल्या महिन्यात कोणी काही सांगितले नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. तिसरी तिमाही संपत आली असताना तोच अधिकारी एक कागद घेऊन उभा राहिला आणि एका बॅचविषयी बोलू लागला. प्रमुखांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिले, मग डिस्पॅचला फोन लावून गाडी थांबवायला सांगितली.